बाबगोंडा आण्णांचं वर्तुळ

नारळ फोडण्याआधी शिट्टी फुंकणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तोही माझ्याच क्रशरच्या पूजेला, माझ्याच पैशानं आणलेल्या नारळावर.

निपाणीच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की माझी दगडाची खाण आणि खडीचा क्रशर लागतो. नवं मशीन बसवलं त्या दिवशी भटजींनी नारळ माझ्या हातात दिला. मी हात वर उचलला आणि मागून शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. गर्दीतून बाबगोंडा आण्णा पुढं आले. गळ्यात शिट्टी, काखेत गुंडाळलेलं लाल निशाण. त्यांनी सगळ्यांना मागं सारलं, भटजींनाही सोडलं नाही. मग आधी मराठीत, मग कानडीत, शेवटी हिंदीत जाहीर केलं की नारळ फुटणार आहे, कुणी जवळ थांबू नये.

नारळ फुटला. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात आण्णांनी तळहात दाखवला. "थांबा." ते दगडापाशी जाऊन वाकले, न फुटलेलं काही शिल्लक आहे का पाहिलं, पाणी कुठवर उडालं तेही पाहिलं आणि मग एक लांबलचक शिट्टी दिली. "या आता. सगळं मोकळं."

मी तापलो. तापणं हा माझा स्वभाव आहे, तो मी लपवत नाही. "आण्णा, नारळ हाय त्यो! सुरुंग न्हवं!"

"करवंटी कुणाच्या डोळ्यात गेली असती म्हंजे?" ते शांतपणे म्हणाले. "मी म्हणत न्हाय परसू, नियम म्हणतोय."

नारळाचा नियम कुठल्या सरकारनं काढला हे विचारायचं त्या दिवशी राहून गेलं. नंतर विचारण्यात अर्थ उरला नाही, कारण पुढच्या वर्षापासून आमच्या गड्यांनी शिट्टीशिवाय नारळ फोडणंच बंद केलं.

आमच्या पट्ट्यात ज्याला दगड फोडायचा आहे त्याला बाबगोंडा आण्णांच्या दारात जावंच लागतं. स्फोटकं साठवायचा परवाना त्यांच्याकडं, सुरुंग उडवायचं प्रमाणपत्र त्यांच्याकडं, आणि दोन्हींच्या मागे जेवढे म्हणून नियम छापलेत ते सगळे त्यांच्या डोक्यात. साठी ओलांडली आहे. अंगानं काटकुळे, पांढरा सुती शर्ट, पांढरी टोपी आणि एक जुनी एम-एटी दुचाकी, जिच्या आवाजापेक्षा त्यांची शिट्टी मोठी.

मी खानापूरकडच्या खेड्यातून आलेला माणूस. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर क्लीनर होतो, आज माझे स्वतःचे डंपर आहेत. मधलं सगळं अंतर मी घासाघीस करत चाललो आहे. बेळगावच्या खडेबाजारातले कापडवाले मला दुकानाची पायरी चढताना बघतात तेव्हा थोरला भाऊ आत जातो आणि धाकट्याला पुढं ढकलतो. बँकेच्या साहेबाला मी चहा त्याच्याच पैशानं प्यायला लावलेला आहे. पण ह्या एका माणसापुढं माझी मात्रा कधी चालली नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, आणि ऐकणारा कुणी मिळत नाही म्हणून मी ती लिहून काढतो आहे.

एकदा दुपारी खाणीत भोकं पाडून तयार होती, डंपर रांगेत उभे होते आणि पश्चिमेला एक ढग आला. एकच. आण्णांनी सुरुंगाची पेटी बंद केली.

"काय झालं?"

"वीज पडली म्हंजे?"

"आण्णा, त्यो ढग कोल्हापूरचा हाय. हिकडं येतोय कशाला?"

"इजेला बॉर्डर न्हाय."

"बरं, अर्धी भोकं भरू. अर्धी उद्या."

"अर्धी वीज पडत न्हाय, परसू."

"चहा घेऊ, तवर जातोय ढग."

"चहा घेऊ," आण्णा म्हणाले. आम्ही चहा घेतला. ढग गेला. तोवर सूर्य खाली आला होता आणि सूर्य खाली आल्यावर आण्णा सुरुंगाला हात लावत नाहीत. ते जैन आहेत. पाणी गाळून पितात, कांदा-बटाटा खात नाहीत आणि दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे होतात. स्फोटकांचं सरकारी खातंही म्हणतं, अंधारात सुरुंग उडवू नका. म्हणजे धर्म आणि सरकार दोन्ही एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. अशा ठिकाणी घासाघीस करायची कुणाशी?

त्यांच्या बारूदखान्यावर मी पहिल्यांदा गेलो तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. गावापासून लांब, उघड्या माळावर, जाड भिंतींची एक खोली. भोवतीचं गवत असं कापलेलं की पोळ्याला बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा हात फिरवा. बेळगावात एका साहेबाला भेटून परस्पर तिकडं गेलो होतो म्हणून अंगावर चकचकीत शर्ट, बोटात अंगठ्या, पायात टाचेला खिळे मारलेले बूट. आण्णांनी मोबाईल घेतला, काडेपेटी घेतली, बूट काढायला लावले, आणि मग शर्टाचं कापड चिमटीत धरून म्हणाले, "काढ."

"शर्ट?"

"ह्यो घासला की ठिणगी पडती. सुती घालून यायचं."

"आण्णा, मी गिऱ्हाईक हाय!"

"हाईस की. गिऱ्हाईक जित्तं पायजे म्हणून तर सांगालोय."

त्यांचा एक जुना सुती शर्ट मला घालायला दिला. तो माझ्या पोटावर बसेना. वरची दोन बटणं लावून, अनवाणी, मी माझ्याच मालाची पोच घेतली. माझा ड्रायव्हर कुंपणाबाहेर उभा राहून हसत होता. तो आता माझ्याकडं नाही.

बारूदखान्याबाहेर धोक्याची पाटी आहे. आमच्या भागात पाटी म्हटलं की भांडण आलंच, कुठली भाषा वर आणि कुठली खाली. एकदा चार पोरं मोटरसायकलवरून आली, पाटीवर आपली भाषा वर पाहिजे म्हणून. दुसऱ्या आठवड्यात दुसरी चार आली, त्यांना त्यांची वर पाहिजे. आण्णांनी दोन्ही वेळा एकच सांगितलं, "आत बारूद हाय. भांडायचं असंल तर त्या पांढऱ्या दगडांच्या पल्याड जाऊन भांडा." दोन्ही वेळा पोरं पल्याड गेली आणि तिथूनच घरी गेली. मग आण्णांनी पाटी गोल करून घेतली आणि मधोमध एकाच खिळ्यावर लावली. वारा आला की फिरते. आज कानडी वर, उद्या मराठी, जोराचा वारा असला तर इंग्रजी. "हिकडं बेंगळुरू, तिकडं मुंबई," ते म्हणतात, "पर माझा परवाना दिल्लीचा. बारूदला राज्य न्हाय."

हे सगळं मी सोसलं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ती आहे थोरल्यांची.

थोरले म्हणजे आदगोंडा आप्पा, आण्णांचे सख्खे थोरले भाऊ. माझ्या खाणीच्या खालच्या अंगाला त्यांचा मळा आहे. मुलं बेळगावला टिळकवाडीत फ्लॅट घेऊन राहतात, आप्पा एकटे मळ्यात, एका म्हशीबरोबर. आण्णा गावातल्या घरात. त्यांची बायको गेली, मुलगी सांगलीला दिली. असे दोघे भाऊ, दोन घरं, दोन चुली. आणि दोघांत बोलणं नाही.

कारण परवाना. आण्णा आधी निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ती नोकरी सुटली आणि त्यांनी हा धंदा धरला. परवाना हातात आला त्या दिवशी पेढे घेऊन थोरल्याकडं गेले. आप्पा म्हणाले, "आपल्या घरात मुंगीला वाट देऊन पाय टाकत्यात आणि तू डोंगर उडवणार? दगडाखाली काय काय जगतंय ते ठावं हाय तुला? परवाना परत देऊन ये, मग बोल माझ्याशी." आण्णांनी परवाना परत दिला नाही. आप्पांनी शब्द मागं घेतला नाही. पेढे म्हणे म्हशीनं खाल्ले.

तेव्हापासून आण्णा सुरुंगाचं प्रत्येक भोक भरायच्या आधी खिशातला छोटा आरसा काढतात, उन्हाचा कवडसा आत पाडतात आणि डोळा लावून बघतात. सरडा असला, पाल असली, बेडूक असला तर काडीनं हळूच वर काढायचा. एकदा एका सरड्यासाठी माझा क्रशर सगळी सकाळ बंद होता. सरडा बाहेर यायला तयार नव्हता. आण्णा त्याच्याशी कानडीत बोलत बसले होते.

आता सुरुंगाचा नियम असा. सुरुंग जिथं उडायचा तिथून ठराविक अंतराचं एक वर्तुळ धरायचं, धोक्याचं. त्या वर्तुळात उघड्यावर माणूस राहता कामा नये. एक तर तो वर्तुळाबाहेर पाहिजे, नाहीतर पक्क्या दगडी आडोशाला. आण्णांनी वर्तुळ आखलं आणि आप्पांचा मळा बरोबर त्याच्या कडेला, आतल्या बाजूला आला.

"म्हंजे काय करायचं?" मी विचारलं.

"आणायचं त्यास्नी आडोशाला. दर येळी. मी म्हणत न्हाय—"

"कळलं," मी म्हणालो.

तर दर वेळी असं व्हायचं. सगळी तयारी झाली, डंपर रांगेत लागले, की आण्णा एम-एटीला किक मारायचे आणि मळ्याकडं जायचे. मागून मी जीप घेऊन. आण्णा मळ्याच्या हद्दीच्या दगडापाशी थांबायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. शिट्टी द्यायचे. मग एकदम कोर्टातल्या मराठीत, "श्रीयुत आदगोंडा पाटील! खाणीत सुरुंग उडणार आहे. आपण सुरक्षित जागी यावं, ही विनंती!"

सख्खा भाऊ. एका ताटात जेवलेला.

आतून आवाज यायचा, "आलो म्हणावं."

मग आप्पा म्हैस सावलीत बांधणार. टोपी झटकणार. दाराला कडी, कडीला कुलूप, कुलपाला एक हिसका. काठी घेणार, परत आत जाणार, फुटाण्यांचा पुडा घेऊन येणार. मी जीपमध्ये हॉर्नवर हात ठेवून दात खात बसलेला. हॉर्न वाजवायची सोय नाही, कारण सुरुंगाच्या वेळी शिट्टीशिवाय दुसरा आवाज नको असा आण्णांचा नियम.

आडोशात एक दगडी बाकडं. आण्णांनीच ऐसपैस करून घेतलेलं. दोघं भाऊ त्यावर शेजारी शेजारी बसायचे, दोघांची तोंडं समोर. मी दाराशी उभा. आणि बोलायचे ते माझ्यातून.

"परसू, विचार त्याला, भोकं बघिटली का सगळी?"

खांद्याला खांदा लागलेला. तरी मी विचारायचं.

"सांग त्यास्नी, बघिटली. एक बेडूक व्हता, सोडला ओढ्यात."

"विचार, ओढ्याला पाणी हाय का?"

"सांग, हाय."

मी खाणीचा मालक! आणि माझ्याच खाणीत मी टपालवाला. सुरुंग उडायचा, धूर जायचा, आण्णा सगळं तपासून लांब शिट्टी द्यायचे. तोवर आप्पांनी पुडा सोडून दोघांच्या मधे ठेवलेला असायचा. आण्णा परत येऊन बसायचे आणि दोघं न बोलता फुटाणे खायचे. पुडा संपेपर्यंत उठायचे नाहीत. मला एका शब्दानंही कधी विचारलं नाही. मी बाहेर जाऊन डंपरवाल्यांवर ओरडायचो.

मध्यंतरी खाणीच्या ह्या बाजूचा चांगला दगड संपला. रस्त्याच्या मोठ्या कामाची खडी मला मिळाली होती आणि टेकडीच्या पल्याडची बाजू उघडल्याशिवाय ती पुरी होणार नव्हती. मी सगळ्या परवानग्या आणल्या. नवा आडोसा बांधायला घेतला. आण्णांना दाखवायला नेलं.

"बाकडं हितं घालू?" मी विचारलं.

आण्णांनी टेकडीकडं बघितलं. "बाकडं कशाला? एकट्या माणसाला उभं राहता येतंय."

मला काही कळलं नाही. मग कारणं सुरू झाली. आज म्हणे वारं उलटं आहे. उद्या म्हणे तित्तराची अंडी आहेत. अंडी फुटून पिल्लं चालायला लागली, तर म्हणे धनगर मेंढरं घेऊन यायची वेळ आहे. मग आग्या मोहोळ. माझं काम अडलं, वरून ठेकेदाराचे फोन. मी आण्णांवर असा ओरडलो की खालच्या मळ्यात म्हैस उठून उभी राहिली.

पण घासाघीस करणाऱ्या माणसाला एक गोष्ट हमखास कळते. समोरचा खरं कारण सांगतोय की दुसरं. आण्णांनी आजवर मला हजार वेळा अडवलं होतं, पण प्रत्येक वेळी माझ्या डोळ्याला डोळा लावून. ह्या वेळी ते टोपीशी खेळत होते. मी मनात म्हटलं, परसू, ह्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी पाहिजे आहे. काय ते शोध. सापडलं तर आजवरचं सगळं वसूल.

मी नकाशा घेऊन बसलो. नव्या बाजूचं वर्तुळ काढलं. आप्पांचा मळा त्याच्या कितीतरी बाहेर पडत होता. म्हणजे आता श्रीयुतांना आणायला जायचं कारण नाही, बाकडं नाही, फुटाणे नाहीत. अस्सं! तेवढ्यावर थांबणारा मी नाही. मी लांब टेप घेतली, एका गड्याला दुसरं टोक दिलं आणि जुन्या जागेपासून मळ्यापर्यंत मोजत गेलो.

मळा जुन्या वर्तुळातही नव्हता. थोडका नाही, चांगला भरपूर बाहेर.

मी तिथंच बांधावर बसलो आणि आधी हसलो. शर्टाच्या कापडावरून मला उघडा करणारा माणूस! नारळाला शिट्टी देणारा माणूस! आणि इतकी वर्षं बाहेर सुखरूप बसलेल्या म्हाताऱ्याला वाचवायला म्हणून सुरुंगाच्या जवळ आणत होता. मग हसू संपलं आणि मला माझे रांगेतले डंपर आठवले. म्हटलं, आता बघतो. आता हा माणूस ढग बघून पेटी बंद करणार नाही. सरड्याशी कानडी बोलणार नाही. मी म्हणेन तेव्हा आणि मी म्हणेन तसा सुरुंग.

साक्षीदार पक्का करावा म्हणून मी आधी आप्पांकडं गेलो. ते म्हशीला पेंड घालत होते.

"आप्पा, तुमास्नी सुरुंगाच्या येळी बाहेर यायची गरज न्हाय. तुमचा मळा वर्तुळात येत न्हाय."

"नव्या बाजूला न्हाय येत. ठावं हाय."

"जुन्या बाजूला बी येत न्हवता. मी टेप लावून बघिटलो."

आप्पांनी पेंडीचा हात झटकला. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची म्हैस विकत मागितली होती. "तुला कुणी सांगिटलं टेप लावायला?"

"आप्पा—"

"वाटणीच्या येळी ह्या मळ्याची मोजणी मी स्वतः हुभा राहून करून घेतलीया. ती टेकडी कुठं, माझं दार कुठं, मला ठावं न्हाय व्हय?"

"मग येत व्हता कशाला?" मी विचारलं.

ते म्हशीकडं वळले. तिच्या कानामागं खाजवत म्हणाले, "लायसनवाला माणूस. त्याच्याशी हुज्जत कोण घालंल?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि हे बघ. त्याला सांगू नगंस. गणित पहिल्यापास्नं कच्चं हाय त्याचं. शाळेत मीच सोडवून द्यायचा त्याची उदाहरणं. चुकलाय म्हणून कळलं तर मनाला लावून घील."

मी टेप काखेत मारून परत निघालो. हद्दीच्या दगडापाशी आलो तर मागून हाक आली, "परसू! नव्या जागी कवा उडवणार हाईस?"

"सोमवारी."

"बरं," आप्पा म्हणाले. "मला काय त्याचं."

सोमवार उजाडला. मोहोळ उठून गेलं होतं, मेंढरं पुढं गेली होती, वारं पडलं होतं आणि आण्णांकडं एकही कारण उरलं नव्हतं. आरसा घेऊन त्यांनी सगळी भोकं बघितली. एकाही भोकात काही निघालं नाही. त्यांनी परत एकदा सगळी बघितली. माणसं बाहेर काढली, निशाणं लावली, तिन्ही भाषांत ओरडून झालं. मग नव्या आडोशाच्या दारात येऊन उभे राहिले. पाठ आडोशाकडं, तोंड मळ्याच्या दिशेला.

"सगळं मोकळं," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

डंपर रांगेत होते. ठेकेदाराचा माणूस घड्याळ बघत होता. माझ्या हातात सगळे पत्ते होते आणि समोरचा हरलेला होता. असा सौदा आयुष्यात एकदाच येतो.

"कुठं मोकळं?" मी ओरडलो. "थोरले मळ्यात हाईत, त्यांचं काय?"

आण्णा वळले. "परसू, मळा आता वर्तुळात न्हाय."

"कुणी मोजलं?"

"मी."

"तुमचं गणित कच्चं हाय! मी सोता टेप लावून आलोय, त्या गड्याला विचारा. जुन्या जागंवरनं बी मोजलं, नव्या जागंवरनं बी मोजलं. सगळं मोजलं."

'जुन्या जागंवरनं' म्हणताना मी त्यांच्या डोळ्याला डोळा लावला होता. गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत धरली. ठेकेदाराचा माणूस काहीतरी म्हणायला लागला, त्याला मी हातानंच गप्प केलं.

"मग?" आण्णांनी विचारलं.

"मग काय? मळा आत येतोय. लई न्हाय, पर येतोय. तुमचं आपलं बरं, एका ढगासाठी माझा दिवस घालवता आणि हितं जित्ता माणूस उघड्यावर सोडून सगळं मोकळं म्हणता! जावा, आणा त्यास्नी." आणि मग जे वाक्य मी इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं ते मला फेकायला मिळालं. "मी म्हणत न्हाय आण्णा, नियम म्हणतोय."

आण्णांनी मुठीतली शिट्टी सोडली. मग एम-एटीकडं गेले. किक तीनदा वाया गेली, चौथीला गाडी लागली आणि मी मागून जीप सुरू केली.

मळ्याच्या दगडापाशी ते थांबले आणि शिट्टी तोंडाला लावणार, तर आप्पा आधीच झाडाखाली उभे. टोपी घातलेली, काठी हातात, दाराला कुलूप, म्हैस सावलीत, पुडा काखेत. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक.

"श्रीयुत आदगोंडा—" आण्णांनी सुरुवात केली.

"आलो म्हणावं," आप्पा म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

नव्या आडोशात शिरताना आण्णा दारातच अडकले. आत दगडी बाकडं होतं. शनिवारी मी गवंड्याला बोलावून ते घालून घेतलं होतं. दोघांपुरतंच, कारण तिसऱ्या माणसाच्या दगडाला गवंडी जादा मागत होता. दोघं बसले. मी दाराशी.

"परसू," आप्पा म्हणाले, "विचार त्याला, आज एवढा उशीर का?"

"परसू, सांग त्यास्नी, मोजणीत चूक झालती."

"व्हयच," आप्पा म्हणाले. "व्हायचीच." मग तोंड न वळवता, माझं नाव न घेता ते म्हणाले, "बाबू, शिट्टी दी आता. परसूचं डंपर खोळंबल्यात."

मी वाट बघितली, पण सांगायला काही उरलं नव्हतं. ते थेट पोचलं होतं. आण्णांनी शिट्टी तोंडाला लावली. आमच्या पट्ट्यात सगळे ओळखतात ती शिट्टी त्या दिवशी पहिल्यांदा नुसतीच फुस्स झाली. त्यांनी ती शर्टाला पुसली, घसा साफ केला आणि दुसऱ्यांदा अशी फुंकली की टेकडीवरचे सगळे पारवे एकदम उठले.

सुरुंग झकास उडाला. दगड असा फुटला की ठेकेदाराच्या माणसानंही घड्याळ बघायचं सोडलं. धूर गेला, तपासणी झाली, लांब शिट्टी झाली, डंपर हलले. मी आडोशात डोकावलो तेव्हा दोघं फुटाणे खात होते आणि आप्पा आण्णांना काहीतरी उदाहरण समजावत होते, बोटानं बाकड्याच्या दगडावर रेघा मारून.

तेव्हापासून दर सुरुंगाला हेच चालतं. माझी वेळ पूर्वीपेक्षा जास्त जाते, कारण आता दोघं बोलतात. आण्णांनी ढग, सरडा, सुती शर्ट ह्यातलं काहीही सोडलेलं नाही. मळ्याकडं जाताना मात्र एम-एटी हद्दीच्या दगडापाशी न थांबता थेट दारापर्यंत जाते, आणि मी खाली जीपमध्ये हॉर्नवर हात ठेवून बसतो.

आणि फुटाण्यांचं अजून कुणी मला विचारलेलं नाही. खाण माझी, आडोसा माझा, बाकडं माझं. मी विसरलेलो नाही.